‘लिंग : नर’ : त्या एका रकान्याबद्दल प्राणी नीती समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संस्थात्मक प्राणी नीती समित्या,
महाराष्ट्रातली औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यकीय महाविद्यालयं

विषय : वेदनाशामकांचे प्रयोग फक्त नर प्राण्यांवर करण्याच्या प्रथेबाबत

स.न.वि.वि.

तुमच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करायच्या परवानगीच्या ‘फॉर्म बी’ या अर्जात, प्राण्याची माहिती मागणारी जागा असते : जात, वय, वजन, लिंग, संख्या. संख्येवर आपण अर्धा-अर्धा तास घासाघीस करतो. आठ कशाला, सहा पुरणार नाहीत का, हा गट गाळता येईल का. ते केलंच पाहिजे. वयावर, वजनावरही कुणी ना कुणी बोट ठेवतं. ‘लिंग’पुढे मात्र ‘नर’ लिहिलेलं असतं आणि सगळ्यांची नजर तिथून पुढे सरकते. मी सोळा वर्षं औषधशास्त्र शिकवते आहे, त्यातली काही वर्षं अशाच एका समितीत बसले आहे, आणि माझीही नजर तशीच पुढे सरकत आली. हे पत्र त्या एका शब्दासाठी आहे.

एम.फार्म.ला असताना माझा विषय वेदनाशामकांचाच होता. विस्टर जातीचे २४ रॅट, सगळे नर. हॉट प्लेट ५५ अंशांवर तापवायची, रॅट अलगद वर ठेवायचा, स्टॉपवॉच दाबायचं. त्यानं मागचा पाय उचलून चाटला की वेळ थांबवायची. १५ सेकंदांपर्यंत त्यानं काहीच केलं नाही तरी उचलून घ्यायचं, भाजायला नको म्हणून. तो पाय उचलण्याचा क्षण पकडण्यासाठी मी किती दुपारी श्वास रोखून बसले असेन! पहिल्याच दिवशी मी माझ्या गाइडना विचारलं होतं, माद्या का नाही घ्यायच्या? ते म्हणाले, “मादीच्या नादाला लागू नकोस. हार्मोनचं चार दिवसांचं चक्र असतं, रीडिंग हलतात.” त्यांनाही त्यांच्या गाइडनी हेच सांगितलं असणार. प्रबंधात मी शेवटी लिहिलं, ‘वेदनाशामक परिणाम दिसून आला’. कुणात दिसून आला, हे ना शीर्षकात होतं, ना निष्कर्षात. परीक्षकांनीही विचारलं नाही.

ही गोष्ट पुन्हा वर आली ती मागच्या दिवाळीत, मावशीच्या फोनमुळे. तिचं स्तनाच्या कॅन्सरचं केमो संपून वर्ष झालं होतं, पण तळपायांची आग आणि मुंग्या जात नव्हत्या. “चपलेत सतत वाळू गेल्यासारखं वाटतं गं,” ती म्हणायची. रात्री पाय ओल्या टॉवेलवर ठेवून झोपायची. एका वैद्यांनी तिला चिठ्ठीवर विजयेचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांगेचं झाड. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून पानांच्या अर्काची ही औषधं वैद्यकीय देखरेखीखाली मिळतात. मावशी बाटली हातात धरूनच बोलत होती. “अगं, तू यातलीच ना? सकाळ-संध्याकाळ इतके थेंब असं लिहिलंय. ते बायकांना धरून लिहिलंय की पुरुषांना?”

मला उत्तर देता आलं नाही. तिला म्हटलं, वैद्यांनी सांगितलंय तेवढंच घे, जास्त नको, आणि चक्कर आली तर लगेच फोन कर. फोन ठेवला आणि त्या आठवड्यात जेवढं सापडेल तेवढं वाचून काढलं. त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते, कारण मावशीच्या प्रश्नाचं उत्तर जिथे तयार व्हायला हवं ती जागा तुमच्या टेबलावर आहे.

गांजातला मुख्य घटक टीएचसी. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी तो १९६४ मध्ये वेगळा करून त्याची रचना मांडली. पण शरीरात तो नेमका कुठे चिकटतो, हे कळायला १९८८ उजाडलं. अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांना रॅटच्या मेंदूत ती जागा सापडली. अशा जागेला ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात, आणि हिचं नाव आता सीबी-१. सीबी-२ हे दुसरं ग्राहक १९९३ मध्ये कळलं. आपल्या शरीरात गांजाची कुलुपं आहेत म्हणजे घरची किल्लीही असलीच पाहिजे. ती १९९२ मध्ये मिळाली, आणि मेशुलम यांच्या गटानं तिला नाव दिलं आनंदामाइड, आपल्याच ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून. वर्गात हे सांगते तेव्हा मुलांचे चेहरे खुलतात. नाव आपल्या शब्दाचं आहे, तर त्याच्या अभ्यासातली उणीवही आपल्याला लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

या आनंदामाइडचं काम मी मुलांना पंगतीवरून समजावते. वाढपी वाढत येतो, वाढतच राहतो. जेवणारा ताटावर हात आडवा धरतो : पुरे. आपल्या मज्जातंतूंतही असंच चालतं. दुखण्याचा निरोप देणारी पेशी रसायन वाढत असते. घेणाऱ्या पेशीला ते जास्त झालं की ती जागच्या जागी आनंदामाइडसारखा पदार्थ तयार करून उलट दिशेनं पाठवते. तो देणाऱ्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-१ वर जाऊन बसतो आणि तिचं वाढणं कमी होतं. मज्जारज्जूत, जिथे हातापायांकडून येणारे निरोप वर चढतात, तिथे हे चालतं; मध्यमेंदूत, जिथून दुखणं दाबण्याचे हुकूम खाली येतात, तिथेही चालतं. काम झालं की फाह नावाचं एन्झाइम आनंदामाइड मोडून टाकतं आणि हात ताटावरून उचलला जातो. स्कॉटलंडमधल्या एका वयस्क बाईंना आयुष्यभर दुखणं जवळजवळ जाणवलंच नाही, भाजलं तर मांस जळल्याच्या वासानं कळायचं. त्यांच्यात या फाहशी संबंधित जनुकीय बदल निघाला. २०१९ मध्ये तो शोधनिबंध आला. त्यांच्या ताटावर हात कायमचाच आडवा होता म्हणा ना.

आता नर-मादीचा प्रश्न इथे कुठे येतो ते पाहा, कारण तो एकाच ठिकाणी येत नाही. रॅटच्या मेंदूत काही भागांत सीबी-१ ची घनता मादीच्या चक्राबरोबर वरखाली होते. पिट्युटरी ग्रंथीत नरांत आणि माद्यांत ती सारखी नसते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन फाहच्या कामात हात घालतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. यकृतही वेगळं वागतं. मादी रॅट टीएचसीचं रूपांतर ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या तितक्याच जोरकस पदार्थात नरापेक्षा जास्त प्रमाणात करते. म्हणजे सारखाच डोस टोचला तरी मेंदूपर्यंत पोचलेलं औषध सारखं नसतं.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या रिबेका क्राफ्ट यांनी हेच काम वर्षानुवर्षं चिकाटीनं केलं. त्यांच्या प्रयोगांत टीएचसीनं मादी रॅटचं दुखणं नरापेक्षा जास्त दबलं, आणि ते चक्रातल्या इस्ट्रोजेनच्या चढउताराशी जुळत होतं. इथवर ऐकलं तर वाटतं, बायकांना कमी डोस पुरेल, मिटलं. पण २०१४ मध्ये त्यांच्याच गटानं दाखवलं की माद्यांना नरांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी डोस देऊनही औषधाची सवय, म्हणजे त्याच डोसनं गुण कमी येत जाणं, माद्यांतच जास्त दिसते. सुरुवातीला जास्त गुण, मग लवकर बोथट. महिनोन्‌महिने दुखणाऱ्या माणसाला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची असते.

आणि माणसांत? कोलंबिया विद्यापीठात झिवा कूपर आणि मार्गारेट हॅनी यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गांजा नेहमी ओढणारे ४२ जण, २१ पुरुष आणि २१ बायका, वापराच्या प्रमाणात एकमेकांशी जुळवलेले. गांजा ओढल्यावर हात बर्फासारख्या गार पाण्यात बुडवायचा, दुखू लागलं की सांगायचं, सहन होईना की काढायचा. पुरुषांचं दुखणं कमी झालं. बायकांना तसा आराम मिळाला नाही. ओढल्यानंतर लगेच त्यांची सहनशक्ती थोडी वाढली, एवढंच. गांजा चढल्याचं, तो आवडल्याचं दोघांनीही सारखंच सांगितलं.

रॅटमध्ये एक दिशा, माणसांत दुसरी. म्हणून मी तुम्हाला ‘बायकांना कमी द्या’ किंवा ‘जास्त द्या’ असं सांगायला आलेले नाही. रॅटला टोचलेलं टीएचसी आणि माणसानं ओढलेला गांजा यांची नुसती तुलना करता येत नाही, गार पाणी म्हणजे केमोनंतरची आग नव्हे, आणि ४२ माणसं म्हणजे जग नव्हे. पण या दोन निकालांमधलं अंतर भरायला जे शेकडो प्रयोग लागतील, ते नुसत्या नरांवर करून कसे भरणार?

सीबी-२ ची गोष्ट तर मला जास्त अस्वस्थ करते. हे ग्राहक मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतं. त्यामुळे टीएचसीसारखी झिंग न आणता दुखणं कमी करणारं औषध त्यातून मिळेल, अशी आशा आहे. २०१५ मध्ये रॉबर्ट सॉर्ज, जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये दाखवलं की मज्जातंतूला इजा झाल्यावर नर माऊसमध्ये दुखणं टिकवून धरण्याचं काम मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी करतात. मायक्रोग्लिया बंद पाडल्या की नराचं दुखणं ओसरतं, मादीचं जराही नाही. मादीत ते काम टी-पेशी या दुसऱ्या प्रतिकारक पेशींकडे असल्याचं दिसलं. ज्या माद्यांत टी-पेशीच नव्हत्या, त्यांनी नरांचा मार्ग धरला. पाय दोघांचाही सारखाच दुखत होता, वरून पाहणाऱ्याला काही फरक कळला नसता. आत यंत्रणाच निराळी. मग प्रतिकारक पेशींवरच्या ग्राहकाला धरून केलेलं औषध आपण नुसत्या नरांवर तपासलं, आणि ते पास झालं, तर आपण नेमकं काय सिद्ध केलं? आणि एखादं औषध नरांवर नापास झालं म्हणून कपाटात गेलं असेल, जे मावशीला चाललं असतं, तर?

ही एकट्यादुकट्या प्रयोगशाळेची सवय नाही. मोगिल आणि चंदा यांनी २००५ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकातले मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास मोजले. किमान ७९ टक्के अभ्यासांत फक्त नर होते. फक्त माद्या ८ टक्क्यांत, आणि दोघांची तुलना करण्यासाठीच आखलेले ४ टक्के. अर्धशिशी, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार), जबड्याच्या सांध्याचं दुखणं, ही सगळी दुखणी बायकांत जास्त आढळतात, आणि त्यांचं विज्ञान उभं राहिलं नर रॅटच्या पायांवर. याची किंमत कशी मोजावी लागते ते झोपेच्या औषधात दिसलंच. झोल्पिडेम या गोळीला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त प्रमाणात राहतं, गाडी चालवताना धोका होतो, हे मानून तिथल्या औषध प्रशासनानं बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला तो २०१३ मध्ये. तोवर वीस वर्षं बायका दुप्पट गोळी घेत होत्या.

आता तुमच्या मनात येणाऱ्या शंका. त्या मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही होत्या.

पहिली तीच, रीडिंग हलण्याची. २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट, ओनिशी आणि झुकर यांनी २९३ शोधनिबंधांमधली माऊसची मापं तपासली. चक्राचा कोणता दिवस आहे याकडे न पाहता घेतलेल्या माद्यांची रीडिंग नरांपेक्षा जास्त विखुरलेली निघाली नाहीत. नरांचं काय असतं ते आपण विसरतो. एका पिंजऱ्यात चार नर ठेवले की त्यांच्यात वरचढ कोण ते ठरतं आणि त्याप्रमाणे त्यांचे हार्मोन बदलतात. त्याचा रकाना आपण कधी ठेवला? (हे लिहिताना आठवलं : त्याच वर्षी सॉर्ज आणि मोगिल यांच्या गटानं दाखवलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासानं, त्यानं रात्रभर घातलेल्या टी-शर्टच्या वासानंही, माऊस आणि रॅट ताणाखाली येतात आणि त्यांचं दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. माझी रीडिंग आणि माझ्या सहाध्यायाची रीडिंग का जुळायची नाहीत, यावर आम्ही दोघं महिनाभर भांडलो होतो. कुणास ठाऊक, हेच कारण असेल.)

दुसरी शंका जास्त गंभीर आहे आणि ती खास तुमची आहे : माद्या घेतल्या तर प्राण्यांची संख्या दुप्पट होईल. कमीत कमी प्राणी, हे आपलं ब्रीद. पण २४ नरांच्या जागी १२ नर आणि १२ माद्या घेतल्या, प्रत्येक गटात निम्मे-निम्मे वाटले आणि आकडेमोडीत लिंग हा घटक धरला, तर संख्या तेवढीच राहते. एवढ्या कमी प्राण्यांत बारीक फरक दिसणार नाहीत, हे खरं आहे. ठळक फरक मात्र दिसेल, आणि तो दिसला तर विद्यार्थी पुढचा प्रस्ताव घेऊन तुमच्याकडे येईल, तेव्हा वाढीव संख्येचं कारण त्याच्या हातात असेल. फरक दिसला नाही तरी निष्कर्ष निदान दोघांच्या बळावर काढलेला असेल.

आणि एक गोष्ट या शंकेच्या आड राहून जाते. वेतात नर आणि माद्या साधारण निम्म्या-निम्म्या जन्मतात. सगळे प्रस्ताव नरच मागत राहिले तर उरलेल्या माद्यांचं काय होतं, हे अ‍ॅनिमल हाउस सांभाळणाऱ्या आपल्या सदस्याला विचारा. ते आकडे कुठल्याही फॉर्म बी मध्ये येत नाहीत. समितीतल्या सामाजिक जाणीव असलेल्या सदस्यांनी तरी हा प्रश्न बैठकीत काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी शंका, चक्र ओळखायचं कसं? मुळात दर प्रयोगात ते ओळखायची गरज नाही. फरक दिसला तरच त्याच्या मागे जायचं. आणि ते अवघडही नाही. थेंबभर सलाइननं मादीच्या योनीतून पेशी घ्यायच्या (यालाच स्मिअर म्हणतात), एक काच, साधा सूक्ष्मदर्शक. गोल केंद्रकाच्या पेशी, पोह्यांसारख्या चपट्या, केंद्रक नसलेल्या पेशी आणि बारीक पांढऱ्या पेशी, यांतल्या कुठल्या जास्त आहेत ते पाहायचं. माझ्या विद्यार्थिनी आठवड्याभरात शिकल्या. त्यातली एक म्हणाली, “मॅडम, हे इतकं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं घाबरत कशाला होतो?”

कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थेनं २०१० पासून अर्जदारांना याबद्दल विचारायला सुरुवात केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१६ पासून पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरच्या कामात लिंग हा जैविक घटक धरायला लावला, आणि एकच लिंग वापरायचं असेल तर त्याचं सबळ कारण मागितलं. आपल्याकडे आत्ता हे करणं निकडीचं आहे, कारण जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थानात औषधासाठी भांगेची लागवड आणि संशोधन सुरू आहे, विजयेची तेलं घरोघरी पोचली आहेत, आणि आपल्या महाविद्यालयांत या झाडावरचे प्रस्ताव वाढत जाणार आहेत. सुरुवातीलाच सवय नीट लागली तर पुढचं निस्तरावं लागणार नाही.

माझं मागणं मोठं नाही. प्रस्तावात फक्त ‘नर’ लिहिलेलं असेल तर कारण विचारा. ‘आजवर नरच वापरले जातात’ हे कारण म्हणून मान्य करू नका. वृषणांच्या औषधाचा प्रस्ताव असेल तर प्रश्नच नाही, तसंच एखाद्या कामाला नरच लागत असतील तर विद्यार्थी ते दोन ओळींत सांगू शकेल. वेदना, ताप, सूज यांवरच्या कामात मात्र दोन्ही लिंगं हवीत, असं सुचवा. आणि काम संपल्यावर जो अहवाल येतो त्यात नरांचे आकडे वेगळे, माद्यांचे वेगळे मागा, फरक निघाला नसला तरीही. त्यासाठी दिल्लीहून परिपत्रक यायची वाट पाहायला नको. कारण विचारण्याचा अधिकार तुम्हाला आजही आहे; संख्येबद्दल तो तुम्ही रोज वापरता.

मावशी आता बरी आहे असं लिहिता आलं असतं तर मला फार आवडलं असतं. तेलानं पहिले काही आठवडे झोप लागली, नंतर पूर्वीइतका गुण येईना, म्हणून वैद्यांनी थेंब वाढवले. मग दुपारी गरगरायला लागलं, तेव्हा तिनं स्वतःच बंद केलं. हे सवय लागण्यामुळे झालं की आणखी कशामुळे, ते एका माणसावरून सांगता येत नाही. ती परवा विचारत होती, “मग सापडलं का गं तुझ्या पुस्तकात?”

येत्या बैठकीत माझ्या विद्यार्थिनीचा प्रस्ताव आमच्या समितीपुढे आहे. केमोच्या औषधानं रॅटच्या पायांत येणारी वेदना आणि त्यावर विजयेच्या पानांचा अर्क, असा विषय आहे. लिंगाच्या रकान्यात तिनं ‘नर १२, मादी १२’ असं लिहिलं आहे आणि खाली अर्धं पान कारण दिलं आहे. प्रस्ताव माझ्याच विद्यार्थिनीचा असल्यानं निर्णयात मी भाग घेणार नाही. तुमच्यापैकी कुणाला तो नमुना म्हणून हवा असेल तर तिच्या संमतीनं पाठवते, आणि स्मिअर कसा वाचायचा हे पाहायचं असेल तर काचा घेऊन तुमच्या महाविद्यालयात यायला मी तयार आहे.

आपली नम्र,
औषधशास्त्राची एक शिक्षिका